पाण्याकडं तोंड केलेलं घर

"हात लावू नगा, वलं हाय!"

माणूस दिसायच्या आधी मामंजींचा आवाज आला. मी अजून पुलावरच होते. त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. मामंजीही राहिले नाहीत, पण तो आवाज कानात आहे तसाच आहे. त्यांनी सगळी नोकरी पाटाच्या या तीरावरून त्या तीरावर हाका मारत काढली होती. पेन्शन चालू झाल्याचं त्यांच्या गळ्याला कुणी कळवलंच नव्हतं.

मी आजूबाजूला पाहिलं. हात लावण्यासारखं काही दिसेना. मग ध्यानात आलं, ते झाडांबद्दल बोलत होते. पाटाच्या कडेची करंजं, जांभळी, लिंब, सगळ्यांना गुडघ्यापर्यंत गेरू आणि त्यावर चुन्याचा पांढरा पट्टा दिलेला. पुलाच्या कठड्यांना तसाच. मोऱ्यांच्या तोंडांना तसाच. लिंबाच्या बुडाशी एक धोंडा कितीतरी वर्षं कुणाच्या कामाला न येता पडून होता, त्यालाही. आणि ओळीच्या शेवटी घर. ते तर कौलांपासून खालपर्यंत पांढरंफेक, बुडाला गेरू, बळंच पावडर थापून फोटोला बसवलेल्या म्हातारीसारखं.

"कसं दिसतंय?" मामंजी म्हणाले. हातात कुंचा, मिशीत चुना.

मी म्हटलं, "उठून दिसतंय."

खोटं नव्हतं ते.

मी त्या घरची सून. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामंजी. मामंजींचं नाव निवृत्ती खलाटे, कालव्याच्या खात्यात पाटकरी. पाटकरी म्हणजे पाण्याचा राखणदार. पाटाची दारं उघडायची, झाकायची, कुणाच्या शेताला किती पाणी गेलं ते बघायचं. त्यांच्या आधी त्यांचे वडीलही तिथंच पाटकरी होते. घर खात्याचं, इंग्रजांनी कालवा खोदला तेव्हाचं. एक खोली, पुढं ओसरी, घडीव काळा दगड, सांध्यांत चुन्याची दर्ज. गावापासून लांब, पाटाच्या अगदी काठावर, एकटं. मामंजी निवृत्त झाले, पण नवा पाटकरी मोटारसायकलवाला निघाला, त्याला हे घर नको होतं, म्हणून आत्या-मामंजी तिथंच राहिले. कुणी काही बोललं नाही. मग खात्याला पाटाकडेचा रस्ता रुंद करायची हुक्की आली, आणि रस्त्याच्या आड काय येतं, तर हे घर.

घर पाडलं तर म्हातारा-म्हातारी कुठं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तालुक्याला आमच्या दोन खोल्या होत्या. आमचे हे डेअरीत कामाला. एका खोलीत चूल आणि दुसरीत आम्ही, अशी आमची वाटणी. त्या दोन खोल्यांत आणखी दोन माणसं बसवून मी मनातल्या मनात पुष्कळदा बघितली होती. दर वेळी कुणाचे तरी पाय बाहेर यायचे.

म्हणून जुन्या इमारतींचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या देवस्थळीबाई पहिल्यांदा ते घर बघून गेल्या आणि हे घर वारसा म्हणून जपलं पाहिजे असं म्हणाल्या, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल तर तो मला. वारसा म्हणजे काय ते मला नीट ठाऊक नव्हतं. मामंजींना वाटलं तलाठ्याकडं नाव लावायचं आहे, ते उताऱ्याची चौकशी करून आले. पण बाईंच्या अहवालावर सरकारनं होय म्हटलं तर घर पडणार नाही, आणि जुनी माणसं राखणीला तिथंच राहतील, एवढं आम्हाला कळलं होतं. तेवढं पुरेसं होतं. आमचे हे आईच्या काळजीनं, मामंजी घराच्या अभिमानानं, आणि मी दोन खोल्यांपायी, असे आम्ही तिघेही त्या घराच्या बाजूनं उभे राहिलो. तिघांच्याही तोंडी वाक्य एकच. आत्यांचा जीव या घरात आहे, त्यांना इथून हलवलं तर त्या जगायच्या नाहीत.

आत्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलं नाही. ज्या माणसाबद्दल एवढी खात्री आहे त्याला विचारायचं काय?

तर त्या दिवशी देवस्थळीबाई पक्कं बघायला येणार होत्या, बरोबर खात्याचे साहेब. मी चहापाण्यासाठी पुढं आले होते. येताना शेजारणीच्या सहा कपबशा टॉवेलात गुंडाळून आणल्या होत्या, कारण आत्यांच्या घरात कपबशा दोनच. एक त्यांची, एक मामंजींची.

साहेब येणार म्हटल्यावर मामंजींना गेरू-चुना सुचला, यात त्यांचा काय दोष? उभ्या नोकरीत त्यांना एवढंच शिकवलेलं. वरून तपासणी येणार असं कळलं की आधी झाडं रंगवायची, मग दगड, मग जे हलत नाही ते सगळं. ज्या पाटकऱ्याची झाडं रंगवलेली नाहीत त्याचं पाणीही वाकडंच असणार, असं खात्यात धरून चालत. बाई दगड बघायला येणार आहेत हे त्यांना मी चारदा सांगितलं होतं. दगड बघायला येणार, म्हणूनच तर तो नीट दाखवला पाहिजे.

आत्या ओसरीत बसून पोह्यांसाठी मिरच्या चिरत होत्या. मी विचारलं, "तुम्ही त्यांना नको का नाही म्हटलं?"

"इचारलं आसतं तर म्हनले आसते," आत्या म्हणाल्या.

जीप आली. बाई उतरल्या आणि पाटाच्या बांधावर उभ्या राहिल्या. मागच्या खेपेला याच जागी उभं राहून त्यांनी, वा, म्हटलं होतं. या खेपेला त्यांनी आधी चष्मा पुसला. चष्मा पुसूनही घर पांढरंच राहिलं.

"हे कधी केलं?"

"काल धरलं. आज सकाळच्याला दुसरा हात दिला," मामंजी म्हणाले. "आतून बी दिला आसता, पर चुना सपला."

साहेबांनी मान डोलावली आणि चांगलं केलंत म्हणाले. हल्लीच्या पोरांना हे सांगूनही जमत नाही, असंही म्हणाले, आणि जाऊन एका जांभळीला टेकून उभे राहिले. मामंजींनी ते पाहिलं. ते ओलं आहे हे त्यांनी सकाळपासून सगळ्या शिवाराला ओरडून सांगितलं होतं. एकाच माणसाला पुन्हा वेगळं सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

बाई भिंतीपाशी गेल्या. बोट फिरवलं. मग फार हळू म्हणाल्या, "मला खालचा दगड दाखवायचा होता सरकारच्या समितीला. आजच फोटो जायचे आहेत."

"दगड हाय की खाली," मामंजी म्हणाले. "कुटं जातोय."

बाई रागावल्या नाहीत. मला त्या तेव्हाच आवडल्या. त्यांनी हाताचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, पदर खोचला आणि काथ्या आहे का विचारलं. चुना अजून बसलेला नव्हता, चुन्यात घालायच्या डिंकाचीही मामंजींनी काटकसर केली होती. धुतला तर निघेल, म्हणाल्या. मामंजींचा चेहरा पडला. दोन दिवसांचं काम आणि तेही साहेबांच्या डोळ्यांदेखत खोडायचं. पण बाईमाणूस स्वतः घासायला लागल्यावर ते किती वेळ उभे राहणार? त्यांनी पाटातून बादल्या भरून आणायला सुरुवात केली. मी नारळाच्या शेंडीनं घासू लागले, आत्यांनी भांड्याची घासणी घेतली. साहेबांनी जांभळीपाशी उभं राहून पाणी कुठं कमी पडतंय ते दाखवलं.

हळूहळू दगड वर आला. ओला, काळाभोर, नुकत्या न्हालेल्या म्हशीच्या पाठीसारखा. मी त्या घरात सून म्हणून आले त्याला तीन वर्षं झाली होती, पण तो दगड मी कधी नीट पाहिला नव्हता. असा हात फिरवून तर नाहीच. प्रत्येक चिऱ्यावर टाकीचे बारीक घाव होते, एका सरीत, पेरलेल्या रानासारखे. बाई घासता घासता सांगत होत्या. मोठमोठे बंगले, वाडे, देवळं लोक जपतात. पण ज्याच्या जिवावर कालवा चालला त्या साध्या कामगाराचं घर कुणी जपत नाही. शंभर घरं अशी बांधली असतील, त्यातली किती तरी पडली, कित्येकांना सिमेंट फासलं, मूळचं असं हे एवढंच त्यांना सापडलं होतं. गरिबाच्या घराचा पुरावा सगळ्यात आधी पुसला जातो, म्हणाल्या. ते ऐकून मी शेंडी आणखी जोरात घासली. वाटलं, दोन खोल्यांचं राहू दे बाजूला, हे घर खरंच राहिलं पाहिजे.

आत्या पलीकडच्या कोपऱ्यात घासत होत्या. हाताला लय मिळाली की त्यांच्या तोंडून ओवी यायची. दळताना, धुताना, कशालाही. त्यांना ते कळायचंही नाही.

पाटाच्या पान्या, तुजी न माजी वळख जुनी
तू जातुस शिवारात, मी ऱ्हाते हितं सुनी

बाईंचा हात थांबला. त्यांनी पुन्हा म्हणायला लावली. आत्या लाजल्या, पण म्हणाल्या. बाईंनी कागदावर उतरवून घेतली. पाण्याशी केवढं नातं आहे बघा, असं मला म्हणाल्या. मी हो म्हटलं. मला चाल आवडली होती.

"लई जीव हाय तिचा हितं," मामंजी बादली ओतत म्हणाले. "लगीन हून आली ती हितंच. कदी म्हायेरी ऱ्हायली न्हाई चार दिस."

मग ते खुलले. घर धुण्याचं दुःख विसरून बाईंना नोकरीच्या गोष्टी सांगू लागले. पाटकऱ्याची अब्रू म्हणजे काय, ती कशी राखायची. पाणी म्हणजे पैसा, म्हणून सगळं शिवार पाटकऱ्याच्या मागं. कुणी उसाची मोळी टाकून जाणार, कुणी गुळाची ढेप. त्यांनी ओसरीवर कुणाला चढू दिलं नाही. आणि पुरुषांचं सोपं असतं, ते म्हणाले, बायका अवघड. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं. गेलं की वाण घ्यावं लागतं, वाण घेतलं की त्यांनाही बोलवावं लागतं, आणि ओटीत खण-नारळ पडला की दुसऱ्या दिवशी तिचा नवरा दारात, वहिनी, तेवढं आमच्या चारीच्या पाण्याचं बघा. म्हणून त्यांनी नियमच केला. आत्यांनी कुणाच्या हळदीकुंकवाला जायचं नाही आणि कुणाला बोलवायचं नाही. बारशाला नाही, डोहाळजेवणाला नाही. शेवटी लोकांनी बोलवायचं सोडलं.

"उभ्या नोकरीत आमच्या घरात परक्याच्या रानातली मेथीची जुडी आली न्हाई," मामंजी म्हणाले. "हिला इचारा."

त्यांनी हिला विचारा म्हटलं, आणि पुढची बादली आणायला गेले. आत्या घासत राहिल्या. बाईंनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं, पण विचारलं नाही.

दुपार कलली तेव्हा पुढची भिंत आणि दोन्ही बाजू झाल्या. बाईंनी फोटो काढले. मग आम्ही आत गेलो, मी पोहे टाकले. खोलीत एकच खिडकी, ती पाटाकडं. दारही पाटाकडं. पाटात खिडकीच्या समोरच पाण्याची मोजपट्टी रोवलेली, आकडे रंगवलेली. बाई सरळ जाऊन आत्यांच्या अंथरुणाच्या वळकटीवर बसल्या, मान तिरकी केली, आणि हसल्या. साहेबांनाही खाली बसायला लावलं. साहेब बसायला वाकले, तेव्हा त्यांच्या पँटच्या मागे गेरूचा आणि चुन्याचा पट्टा असा काही नीट उमटलेला दिसला की तेही खात्याच्या मालमत्तेतलेच वाटले. मी स्टोव्हकडं तोंड फिरवलं.

"बघा," बाई म्हणाल्या, "अंथरुणातून न उठता पाणी किती आहे ते दिसतं. खिडकीची जागा पट्टी बघून ठरवली आहे. आणि आता मागची भिंत बघा."

मागची भिंत म्हणजे गावाकडची, रस्त्याकडची. तिला काहीच नव्हतं. खिडकी नाही, झरोका नाही, कोनाडासुद्धा नाही. जमिनीपासून आढ्यापर्यंत नुसता दगड.

बाई म्हणाल्या की जुन्या नकाशाबरोबरच्या सूचना त्यांना मिळाल्या आहेत. पाटकऱ्याचं घर गावापासून हाकेच्या टप्प्याबाहेर असावं. गावाच्या बाजूला दार-खिडकी ठेवू नये. शेतकऱ्यांनी येऊन बसू नये, बोलू नये, सलगी वाढवू नये. घरातल्या माणसाला पाणी सोडून दुसरं काही दिसू नये. "असं घर मी दुसरं पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे नुसतं घर नाही, हा दगडात बांधलेला कायदा आहे. याची खरी किंमत या भिंतीत आहे."

मामंजी भिंतीकडं नव्यानं बघू लागले. त्यांची छाती जरा पुढं आली. जो नियम आपण घरात केला असं त्यांना वाटत होतं, तो घरानंच आधी केलेला होता.

पोहे झाले, चहा झाला. शेजारणीच्या कपबशा कामी आल्या. मग बाईंनी मुद्द्याचं काढलं. त्यांचा अहवाल तयार होता. पण एक अडचण होती आणि ती त्यांनी लपवली नाही. नुसतं रिकामं घर जपायला खातं तयार नाही. राहती माणसं असतील, तीही जुनी, तिथलीच, तरच रस्ता वळवता येईल. दोघांनी हयातभर इथं राहून घराची राखण करायची, असं दोघांच्या तोंडून साहेबांसमोर यायला हवं. दोघांच्या, असं त्यांनी दोनदा म्हटलं. नाही तर घर पडेल. पुढं रस्ता पलीकडच्या तीरानं गेला आणि घर आपोआपच वाचलं, पण ते त्या दिवशी त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"माजं हो," मामंजी म्हणाले. "आन तिचं बी हो. तिचा जीव..."

"त्यांचं त्या सांगतील," बाई म्हणाल्या.

मी आत्यांकडं पाहिलं. मनात म्हणत होते, म्हणा लवकर हो. साहेबांनी घड्याळ पाहिलं. आत्या मागच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात अजून चुन्यानं पांढरे. त्या होय म्हणाल्या नाहीत. त्यांनी उलट बाईंनाच विचारलं.

"बाई, ही भित मुद्दाम आशी केली, म्हनला?"

"हो."

"मंजी चुकून न्हाई ऱ्हायलं?"

"नाही. नकाशातच आहे तसं. ठरवून केलंय."

आत्या वळल्या आणि त्यांनी भिंतीला हात लावला. बराच वेळ लावून ठेवला. बाहेर पाटाचं पाणी चाललं होतं तेवढं ऐकू येत होतं. तिथं नेहमी तेवढंच ऐकू येतं.

"मला वाटायचं गवंडी इसरला," आत्या म्हणाल्या. "न्हाईतर दगड-चुना सपला आसंल त्याचा. नवी आले तवापासनं मला तसंच वाटायचं. म्हनलं, मानसाच्या हातनं चूक हुती. चुकीला काय बोलायचं? म्हनून बोलले न्हाई."

मामंजी म्हणाले, "आगं, काय बोलले न्हाई?"

आत्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नाही. उलट, त्यांना थोडं सांभाळून घ्यावं असंच ते पाहणं होतं.

"तुमी पान्याला कदी बट्टा लावला न्हाई. ते समद्या शिवाराला ठावं हाय. मला बी हाय. पर मला हितं करमलं न्हाई. एक दिस बी न्हाई."

साहेबांनी घड्याळावरून नजर काढली. मी हातातली कपबशी खाली ठेवली.

"बाई, घर झ्याक हाय," आत्या पुढं म्हणाल्या. "फोटू काडा, पाटी लावा, लोकास्नी दावा. दगडाला मी नावं ठेवत न्हाई. पर मला ह्यात बसवू नगा. मी सुनंच्या दोन खोल्यांत जाईन. तितं दाराम्होरनं मानूस जातंय, भितीपल्याड कुनी खोकलं तरी ऐकू येतंय. पाय आकसून झोपंन मी." मग त्यांनी पदरानं हातांचा चुना पुसला आणि बाईंना अगदी साधं, बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं, "मला शेजार पायजे. भांडकुदळ आसला तरी चालंल."